सभासदाचा कागद संगणकात सापडला पाहिजे

थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे अर्ज करायचा असतो. त्यासाठी कर्जमागणी अर्ज, मंजुरीचा ठराव, वचनचिठ्ठी, करारनामा, जामीनदारांची संमतीपत्रं, पाठवलेल्या नोटिसा आणि खातेउतारा असे सगळे कागद एकत्र लागतात. पतसंस्थेनं ते स्कॅन केलेले असतात, पण 'स्कॅन ०४७', 'नवीन फोल्डर ३', 'पाटील फायनल' अशा नावांखाली, दोन-तीन संगणकांत आणि एखाद्या पेन ड्राइव्हवर. मग लिपिक तासभर शोधतो आणि शेवटी माळ्यावरचा गठ्ठाच खाली काढतो. स्कॅन केलेला कागद मिनिटभरात सापडत नसेल, तर स्कॅनिंगवरचा खर्च आणि श्रम दोन्ही वाया गेले, असं मी मानतो. आणि तो सापडणार की नाही, हे स्कॅनरचं बटण दाबण्याआधीच ठरलेलं असतं.

हा लेख पतसंस्थेतल्या सचिव, शाखाधिकारी आणि लिपिकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. करसल्लागार, विमा प्रतिनिधी किंवा गॅस एजन्सी यांनाही 'सभासद' या शब्दाच्या जागी 'ग्राहक' घातला की यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

नावाचं नको, क्रमांकाचं फोल्डर

पहिला मोह असतो तो माणसाच्या नावानं फोल्डर करण्याचा. तो टाळा. एका गावात संजय पाटील चार-पाच असतात. लग्नानंतर बाईचं नाव आणि आडनाव बदलतं. पॅनवर पूर्ण नाव, सातबाऱ्यावर घरचं नाव, पासबुकावर आद्याक्षरं, असं तर सर्रास दिसतं. त्यात संगणकावर नावं रोमनमध्ये लिहिली जातात. चव्हाण, वाघ, लक्ष्मण, ज्ञानेश्वर ही नावं तीन लिपिक तीन तऱ्हांनी लिहितील, आणि शोधणारा चौथी तऱ्हा टाइप करेल.

पतसंस्थेकडे यावर तयार उत्तर आहे. 'आय' नमुन्यातल्या सभासद नोंदवहीत प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. तोच फोल्डरचं नाव. नाममात्र सभासदांची मालिका वेगळी असेल तर त्यांच्या क्रमांकाआधी एक ठरावीक अक्षर लावा. शाखानिहाय क्रमांक असतील तर आधी शाखेचा संकेत घाला. नाममात्र सभासद पुढे नियमित झाला, तर त्याचं जुनं फोल्डर नव्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि जुन्या क्रमांकापुढे तशी नोंद ठेवा. सभासदत्व संपलं म्हणून त्याचा क्रमांक दुसऱ्या कुणाला कधीही देऊ नका.

सगळे क्रमांक सारख्याच अंकांचे हवेत. सर्वांत मोठा क्रमांक पाच अंकी असेल तर ४२१७ नव्हे, ०४२१७. विंडोजचा फाइल एक्सप्लोरर ९ च्या पुढे १० दाखवतो खरा, पण एक्सेलमधला मजकूर-रकाना किंवा इतर अनेक प्रणाली १० ला २ च्या आधी नेऊन बसवतात. पुढे शून्यं लावली की हा घोळ कुठेच उरत नाही.

बारा हजार फोल्डर एकाच ठिकाणी ठेवले तर खिडकी उघडायलाच वेळ लागतो. म्हणून हजाराहजारांचे कप्पे करा: ०० मध्ये ००००१ ते ००९९९, ०४ मध्ये ०४००० ते ०४९९९. क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहिले की कप्पा कळतो. त्यात सभासदाचं फोल्डर, आणि त्याच्या आत 'ओळख', 'ठेव', 'कर्ज', 'पत्रव्यवहार' असे चार उपफोल्डर. याहून खोल जायचं कारण एकच: कर्ज. प्रत्येक कर्जप्रकरणाला 'कर्ज'च्या आत स्वतंत्र फोल्डर हवंच, कारण दहा वर्षांत एका सभासदाची चार कर्जं होतात आणि चारही वचनचिठ्ठ्या एका जागी पडल्या तर कुठली कशाची, हे कळत नाही. फोल्डरांच्या उतरंडीला आणखी एक मर्यादा आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता सर्वसाधारणपणे २६० अक्षरांत बसावा लागतो. लांबलचक नावांची फोल्डरं एकात एक घालत गेलात, तर एखाद्या दिवशी फाइल हलवता येत नाही आणि कारणही समजत नाही.

हजारो फोल्डर हातानं करायची गरज नाही. एक्सेलच्या एका रकान्यात सभासद क्रमांक घ्या. शेजारच्या रकान्यात सूत्रानं तीन गोष्टी जोडा: फोल्डर तयार करण्याची 'एमडी' ही आज्ञा, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक. तयार झालेला रकाना नोटपॅडमध्ये चिकटवा, 'ऑल फाइल्स' निवडून नावाच्या शेवटी टिंब-बी-ए-टी लावून जतन करा, आणि त्या-त्या कप्प्यात नेऊन चालवा. ही आज्ञा उपफोल्डरचा मार्ग दिला तर मधल्या पायऱ्याही स्वतः तयार करते. आधी दहा क्रमांकांवर करून पाहा, मग सगळी यादी द्या.

फाइलच्या नावात काय असावं

फाइल ईमेलनं गेली किंवा चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये पडली, तरी ती कुणाची आणि कशाची हे तिच्या नावावरूनच कळलं पाहिजे. म्हणून नावात तीन गोष्टी याच क्रमानं असाव्यात: सभासद क्रमांक, कागदाचा प्रकार, कागदावरची तारीख. उदाहरणार्थ '०४२१७_सातबारा_२०२४-०६-११'. कर्जाच्या कागदात मध्ये कर्ज क्रमांक येईल: '०४२१७_क०३८८_वचनचिठ्ठी_२०२३-०९-०४'. इथे ही नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत ठेवावीत असं माझं मत आहे. युनिकोड देवनागरी नावं विंडोजला चालतात, पण अनेक कार्यालयांत अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव वापरतात, आणि त्यांतला मजकूर फाइलच्या नावात चिकटवला की नुसती निरर्थक रोमन अक्षरं उरतात.

तारीख वर्ष, महिना, दिवस अशी उलटी लिहायची. तशी लिहिली की नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप कालक्रमानं लागतात. तारीख कागदावरची घ्या, स्कॅन केल्याची नव्हे. संगणक स्वतः दाखवतो त्या तारखेवरही विसंबू नका. फाइलची नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली की 'क्रिएटेड' तारीख बदलते, आणि मग सहा वर्षांपूर्वीचा उतारा कालचा वाटू लागतो.

फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. अपूर्णविराम (कोलन), प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण यांसारखी आणखी काही चिन्हंही विंडोज नाकारतं. म्हणजे सातबारा आपण कागदावर लिहितो तसा रेघ मारून लिहिता येणार नाही, आणि 'क/३८८/२०२३' असा कर्ज क्रमांकही जसाच्या तसा बसणार नाही. मग एक लिपिक रेघेच्या जागी आडवी रेघ घालतो, दुसरा टिंब, तिसरा मोकळी जागा. याचं लेखी उत्तर आधीच ठरवा. कागदांच्या प्रकारांची वीस-पंचवीस नावांची पक्की यादी करा, प्रत्येक नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठेवा, आणि ती यादी स्कॅनरच्या शेजारी चिकटवा. 'आधार'च लोक रोमनमध्ये तीन-चार प्रकारे लिहितात. 'इतर' हा प्रकार यादीत ठेवू नका. तो ठेवला की वर्षभरात निम्मे कागद तिथेच जमतात. 'नवीन', 'फायनल', 'दुरुस्त' हे शब्दही नकोत. पत्ता बदलला तर नव्या पुराव्याची फाइल नव्या तारखेनं येईल, जुनी तशीच राहील.

जामीनदाराचा कागद कुणाच्या फोल्डरमध्ये?

पतसंस्थेच्या दप्तरात खरी गुंतागुंत इथे आहे. एक प्रकरण घेऊ. सभासद ०४२१७ ला कर्ज दिलं. ०१९०३ आणि ०२६५० जामीनदार आहेत. पुढच्या वर्षी ०१९०३ स्वतः कर्ज घेतो आणि ०४२१७ त्याला जामीन राहतो. प्रत्येक प्रकरणात प्रत्येकाचा आधार, पॅन, पगारपत्रक किंवा उतारा जोडला जातो. कागदाच्या फाइलीत ते साहजिक आहे. संगणकातही तसंच केलं, तर ०१९०३ चा आधार तीन-चार ठिकाणी जातो, आणि त्याचा पत्ता बदलल्यावर एकाच ठिकाणी दुरुस्ती होते. पुढे नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येते.

माझ्या मते इथे दोन प्रकारचे कागद वेगळे धरावेत. माणसाची ओळख सांगणारे कागद, म्हणजे पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, सहीचा नमुना, हे फक्त त्याच्या स्वतःच्या 'ओळख' फोल्डरमध्ये, एकदाच. व्यवहार सांगणारे कागद, म्हणजे जामीन संमतीपत्र, वचनचिठ्ठी, करारनामा, हे कर्जदाराच्या कर्ज फोल्डरमध्ये. जामीनदाराच्या फोल्डरमध्ये त्यांची नक्कल ठेवायची नाही. त्याऐवजी फाइलींच्या नोंदवहीत (तिच्याबद्दल पुढे सांगतो) जामीनदारांच्या क्रमांकांसाठी दोन रकाने ठेवायचे. ०१९०३ कुणाकुणाला जामीन आहे, हे त्या रकान्यांवर गाळणी लावली की क्षणात कळतं. फोल्डर चाळून ते कधीच कळणार नाही. जामीन मर्यादा तपासताना संचालक मंडळाला नेमकी हीच माहिती हवी असते.

याला एक अपवाद आहे. कर्जमागणी अर्जाला जोडलेल्या, 'या कर्जासाठी' असं लिहून सही केलेल्या झेरॉक्स प्रती या त्या अर्जाचाच भाग आहेत. त्या अर्जापासून तोडू नका. अर्ज आणि जोडपत्रं मिळून एकच पीडीएफ करा. वचनचिठ्ठी, करारनामा आणि प्रत्येक संमतीपत्र मात्र स्वतंत्र पीडीएफ, कारण दाव्याला ते सुटे लागतात. चाळीस पानांच्या एकाच पीडीएफमधून सत्ताविसावं पान शोधत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

स्कॅनरपाशी

टाचण्या आणि स्टेपल काढलेले, दुमडलेले कोपरे सरळ केलेले गठ्ठेच स्वयंचलित फीडरमध्ये घाला. जुने, जीर्ण किंवा लॅमिनेट केलेले कागद आणि ज्यांवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवलं आहे ते सगळे काचेवर ठेवून स्कॅन करा. तिकिटावरून गेलेली सही रंगीत स्कॅनमध्येच नीट दिसते, म्हणून वचनचिठ्ठी नेहमी रंगीत. बाकीच्या कागदांना करडा रंग पुरतो. कोऱ्या पानांना वगळण्याची सोय बंद ठेवा आणि दोन्ही बाजू घ्या. स्टॅम्प पेपरच्या पाठीमागे विक्रेत्याचा शिक्का आणि नोंद असते. ती फिकट असली तर यंत्र तिला कोरं पान समजतं.

३०० डीपीआय पुरेसं आहे. त्या मापात ए-फोर पान २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपक्यांचं होतं. ६०० केल्यास ते चौपट होतं, डिस्क भरते आणि वाचनात विशेष फरक पडत नाही. मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दप्तरात घेऊ नका. तो दाबून लहान केलेला असतो आणि शिक्क्यातली बारीक अक्षरं त्यात विरून जातात.

नॅप्स-टू हा मोफत प्रोग्रॅम गठ्ठ्यात मध्ये घातलेलं विभाजक पान ओळखून तिथे नवी फाइल सुरू करतो. शंभर सभासदांचे कागद एका दमात घालायचे असतील तर हा उपाय फार वेळ वाचवतो. टेसरॅक्ट हे मोफत अक्षरओळख साधन छापील मराठी वाचतं, त्यामुळे पीडीएफमधला मजकूर शोधता येतो. हाताने लिहिलेल्या कागदांवर त्याची भिस्त ठेवू नका, आणि अक्षरओळख आहे म्हणून फाइलला नाव देण्यात कसूर करू नका.

स्कॅन करणाऱ्यानं थेट सभासदाच्या फोल्डरमध्ये फाइल जतन करायची नाही, हा नियम कडक ठेवा. स्कॅन आधी 'आवक' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडेल. दुसरी व्यक्ती ती उघडेल, पानं मोजेल, सरळ आणि वाचता येण्याजोगी आहेत का पाहील, नाव देईल आणि मग जागेवर नेईल. ज्यानं स्कॅन केलं त्यालाच तपासायला दिलं, तर राहिलेलं पान त्याला दिसणार नाही. संध्याकाळी 'आवक' रिकामं झालं पाहिजे.

नोंदवही

फोल्डर ही ठेवण्याची जागा, शोधायचं काम नोंदवहीचं. एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक फाइल: सभासद क्रमांक, नाव मराठीत, कर्ज क्रमांक, कागदाचा प्रकार, कागदाची तारीख, पानांची संख्या, जामीनदारांचे दोन रकाने, स्कॅन कुणी केलं, तपासलं कुणी, मूळ कागद कुठे. नाव इथे मनसोक्त लिहा, टोपणनावासकट. नावावरून क्रमांक शोधायची सोय इथेच असायला हवी. कागदाच्या प्रकारासाठी 'डेटा व्हॅलिडेशन' वापरून निवडयादी लावा, म्हणजे कुणी नवं स्पेलिंग घुसवणार नाही.

एक्सेलच्या दोन सवयी माहीत असाव्यात. ०४२१७ टाइप केलं की ते पुढचं शून्य खातं. आणि आकडे पंधरा अंकांपर्यंतच अचूक ठेवतं. सोळा अंकी खाते क्रमांक टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. म्हणून माहिती भरायच्या आधी हे रकाने 'टेक्स्ट' करून घ्या. नंतर केल्यानं गेलेला अंक परत येत नाही.

महिन्यातून एकदा फोल्डरांतल्या फाइलींची यादी काढून नोंदवहीशी ताडून पाहा. नोंद आहे पण फाइल नाही, किंवा फाइल आहे पण नोंद नाही, असं जे निघेल ते त्याच आठवड्यात निस्तरा.

आधीच साचलेला ढीग

सहा-सात वर्षांचं अव्यवस्थित स्कॅनिंग हातात असेल तर सगळं एकदम लावायला घेऊ नका. एक तारीख ठरवा. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, १ एप्रिल, सोयीचा पडतो. त्या दिवसापासून येणारा प्रत्येक कागद नव्या पद्धतीनं जाईल. जुनं सगळं 'जुने' नावाच्या एका फोल्डरमध्ये जसंच्या तसं ठेवा आणि ते फक्त वाचता येईल असं करा. मग थकीत कर्जांचे कागद आधी लावा, त्यानंतर चालू कर्जांचे, मग ठेवींचे. बंद खात्यांना हात लावायची घाई नको. त्यातलं काही मागितलं गेलं की त्या सभासदाचं तेवढं लावून टाका. या क्रमानं गेलं की कामाचं फळ पहिल्याच महिन्यात दिसतं, आणि कर्मचाऱ्यांचा उत्साह टिकतो.

आधार, आणि लोकांचा विश्वास

सभासदानं आपली कागदपत्रं विश्वासानं दिलेली असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण कायदा नसता तरी ही जबाबदारी होतीच. आधार क्रमांक फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात कधीही घालू नका. नोंदवहीत शेवटचे चार अंक पुरेत. जमेल तिथे सभासदाकडून पहिले आठ अंक झाकलेला 'मास्क्ड' आधारच मागा. झेरॉक्स घेतलीच तर हे आठ अंक कागदावरच काळे करा आणि मग स्कॅन करा. पीडीएफवर संगणकात काळा चौकोन काढला, तर बऱ्याचदा तो नुसता वर बसलेला असतो. खालचा आकडा निवडून घेता येतो.

सगळ्यांना सगळं दिसायची गरज नाही. ठेव विभागातल्या माणसाला कर्जाचं फोल्डर फक्त वाचता यावं, खोडण्याचा अधिकार एकाच वरिष्ठ व्यक्तीकडे असावा. घरी न्यायला पेन ड्राइव्ह हा प्रकार बंद करा.

दुसरी प्रत आणि मूळ कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुराचं पाणी तळमजल्यावरच्या दुकानांत आणि कार्यालयांत शिरलं. अशा पुरात कागद आणि संगणक दोन्ही एकदम जातात. म्हणून मूळ संगणकाशिवाय दोन प्रती हव्यात, आणि त्यातली एक वेगळ्या इमारतीत, शक्यतो वेगळ्या गावात, कूटबद्ध डिस्कवर. गुगल ड्राइव्हसारख्या सेवेशी फोल्डर जोडलं म्हणजे सुरक्षित प्रत झाली, असं समजू नका. इथे फाइल खोडली की तिथेही खोडली जाते, आणि तिथल्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेचा तंतोतंत नक्कल करणारा 'मिरर' पर्याय वापरत असाल तर आणखी जपा: मूळ फोल्डर चुकून रिकामं झालं, तर तो दुसऱ्या डिस्कवरचंही रिकामं करतो. दर महिन्याला दुसऱ्या प्रतीतून कुठल्याही दहा फाइली उघडून पाहा.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नका, निदान वचनचिठ्ठी, करारनामा, गहाणखत आणि संमतीपत्रं तर नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणकानं काढलेला संकेतही, लिहायचं असतं. त्यामुळे तपासून जागेवर नेलेली फाइल पुन्हा संपादित करू नका. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. आणि कर्जदारानं सही नाकारली, तर हस्ताक्षरतज्ज्ञापुढे ठेवायला मूळ कागदच लागतो. म्हणून नोंदवहीतला 'मूळ कागद कुठे' हा रकाना कधीही मोकळा सोडू नका: कपाट क्रमांक, खण, गठ्ठा क्रमांक. मूळ कागद वकिलांकडे गेला असेल तर त्याच रकान्यात तारीख आणि नेणाऱ्याचं नाव लिहा, आणि परत आल्यावर परतीची तारीख.